अध्यक्ष होणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. येत्या १ जुलैपासून क्लबच्या अध्यक्षपदाची जबाबदारी तुझ्याकडे येतेय हे वाचून मनापासून आनंद झाला. सोबत वर्षभराच्या उपक्रमांची यादी पाठवलीस आणि ‘मोकळेपणानं मत सांग’ असं लिहिलंस, म्हणून आधी तेच सांगतो. यादी निम्मी कर. आणि जी कामं उरतील त्यांच्यापुढे एकेक तारीख लिहून ठेव. उद्घाटनाची नव्हे, काम झाल्यावर आपण तिथे पुन्हा कधी जाणार, त्याची.

रोटरी, लायन्स यांसारख्या आपल्या समाजसेवी क्लबांत पदं एका वर्षाची. ते चांगलंच आहे, नवी माणसं पुढे येतात, खुर्ची कुणाला चिकटत नाही. पण ज्यांच्यासाठी आपण काम करतो त्यांची गरज ३० जूनला संपत नाही. एखाद्या शाळेत पाणी शुद्ध करणारं यंत्र बसतं, भिंतीवर क्लबचा फलक लागतो, फोटो निघतात. आतली गाळणी बदलायची वेळ येते तेव्हा क्लबात अध्यक्ष नवा, प्रकल्पप्रमुख नवा, आणि शाळेनं फोन कुणाला करायचा हेच कुणाला ठाऊक नसतं. बंद पडलेली अशी यंत्रं मी पाहिली आहेत. प्रत्येक वेळी वाटलं, यंत्राच्या किमतीबरोबर पुढच्या देखभालीची रक्कम आणि एका माणसाचं नाव त्याच दिवशी ठरवलं असतं तर?

क्लबांना टिकून काम करता येत नाही असं मात्र नाही. पोलिओचंच बघ. रोटरीनं १९७९ साली फिलिपिन्समध्ये सुमारे ६० लाख मुलांना पोलिओची लस देण्याचं काम अंगावर घेतलं. त्यातून १९८५ मध्ये पोलिओप्लस ही रोटरीची पोलिओविरोधी मोहीम उभी राहिली. जमवायचे होते १२ कोटी डॉलर. तीन वर्षांत जमले जवळपास २४ कोटी ७० लाख. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्यासह जागतिक मोहीम सुरू झाली, तेव्हा वर्षाला साधारण साडेतीन लाख मुलं या रोगानं अधू होत होती. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि मार्च २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त जाहीर झालो. या काळात एकेका क्लबात जवळजवळ तीस अध्यक्ष बदलले असतील. त्यातल्या एकालाही ‘हे माझ्या वर्षातलं काम’ असं म्हणता आलं नसेल, आणि तरी प्रत्येकानं आपापल्या वर्षी ते पुढं नेलं. पैसे दिलेच, शिवाय लसीकरणाच्या दिवशी सभासद बूथवर उभे राहिले, लोकांशी बोलले. मला या चळवळीचा अभिमान वाटतो तो यासाठी.

पैशाबद्दल थोडक्यात. खाती दोन ठेव. सभासदांच्या वर्गणीतून क्लब चालवायचा: सभागृहाचं भाडं, पदग्रहण समारंभ, टपाल, सगळं त्यातच. लोकांकडून सेवेच्या नावानं जो पैसा घेतला तो पुरताच लोकांच्या कामाला लागला पाहिजे. लायन्समध्ये तर हा नियमच आहे. खजिनदार सांभाळून घेईल, पण दर महिन्याला दोन्ही खात्यांवर तूही नजर टाकत जा. देणगी लहान असली तरी पावती त्याच दिवशी दे. रोटरी फाउंडेशनला, म्हणजे रोटरीच्या सेवानिधीला, १९१८ मध्ये मिळालेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरची होती. देणारा आपल्यावर विश्वास टाकतो. रक्कम केवढी यावर तो विश्वास लहानमोठा होत नाही.

आता रक्तदान. यादीत ‘स्थापनादिनी महाशिबिर’ आहे. उत्साह समजतो, पण एकाच दिवशी शेकडो पिशव्या गोळा करून उपयोग किती, हे आधी रक्तपेढीला विचार. रक्तातल्या तांबड्या पेशी शीतपेटीत ठेवल्या तरी पाच-सहा आठवडेच टिकतात. रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट तर पाचच दिवस. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार गंभीर स्वरूपात असलेल्या मुलाला मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, वर्षानुवर्षं. म्हणून एका मोठ्या शिबिराऐवजी लहान लहान शिबिरं कर, आणि ती रक्तपेढीच्या तुटवड्याच्या महिन्यांत. सुट्ट्यांच्या आणि परीक्षांच्या काळात कॉलेजची मुलं मिळत नाहीत, नेमका तेव्हाच साठा उतरतो. त्याहून चांगलं म्हणजे रक्तगटानुसार दात्यांची यादी कर आणि ती अद्ययावत ठेवायला एक सभासद नेमून दे. कंटाळवाणं काम आहे खरं. पण रात्री-अपरात्री एखाद्या नातेवाइकाचा फोन येतो तेव्हा तीच यादी कामाला येते.

नेत्रशिबिराचंही तेच. तपासणी किती जणांची झाली हा आकडा अहवालात छान दिसतो. मोतीबिंदू निघालेल्यांपैकी शस्त्रक्रियेपर्यंत किती पोचले? सोबत कुणी नाही म्हणून किती जण घरीच राहिले? शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब वेळेवर घालावे लागतात, मग पुन्हा तपासून चष्म्याचा नंबर ठरतो. डॉक्टर त्यांचं काम चोख करतात. घरून आणणं, परत सोडणं, थेंबांची आठवण करणं हे आपलं. ज्याच्याकडे गाडी आहे आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, त्या सभासदाचं मोल इथे मोठ्या देणगीदाराहून कमी नाही. शाळकरी मुलांना चष्मे देणार असशील तर वर्षभरानं पुन्हा तपासणी ठेव. वाढत्या वयात नंबर बदलतो, आणि चष्मे मोडतातच.

अंधांसाठीच्या कामाला आपल्या चळवळीत जुनी परंपरा आहे. १९२५ साली स्वतः अंध आणि बहिऱ्या असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी उभं राहण्याचं आवाहन केलं. पुढे १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरिया इथल्या एका लायन्स सभासदानं रस्ता ओलांडताना अडखळणारा अंध माणूस पाहिला. काळी काठी वाहनचालकांना दिसत नव्हती. काठीला पांढरा रंग आणि लाल पट्टा, एवढंच त्याला सुचलं, आणि क्लबनं ते उचलून धरलं. जवळजवळ बिनखर्चाची गोष्ट. बघणारा माणूस तिथे होता, म्हणून ती झाली.

त्याच वाटेवरचं एक काम तुझ्या यादीत नाही आणि ते घालावंस असं मला फार वाटतं: परीक्षांसाठी लेखनिक. अंध विद्यार्थी वर्षभर अभ्यास करतो आणि परीक्षा तोंडावर आली तरी लिहायला माणूस मिळत नाही. ऐनवेळी कुणीतरी मिळतो, त्याचं अक्षर लागत नाही, प्रश्न तो भराभर वाचतो, आकृती तर सांगताच येत नाही. विद्यार्थ्याला विषय येत असूनही गुण जातात. लेखनिकाचं काम दिसतं तितकं सोपं नाही. प्रश्न सावकाश आणि पूर्ण वाचायचा, गुण सांगायचे, सांगितलं तेच लिहायचं, आपल्याला बरोबर वाटतं ते नाही. किती वेळ उरला ते विचारल्यावर सांगायचं. परीक्षेआधी त्या विद्यार्थ्याबरोबर दोन-तीनदा सराव करायला हवा, म्हणजे एकमेकांची गती कळते. लेखनिकाचं शिक्षण किती असावं, विषय कुठला असावा याचे प्रत्येक परीक्षेचे नियम वेगळे. ते आधी वाचून घे. सभासदांची कॉलेजात जाणारी मुलं-मुली इथे उत्तम. पैसा जवळजवळ लागत नाही, लागतो तो वेळ आणि दिलेला शब्द पाळणारी माणसं. ठरलेल्या दिवशी लेखनिक आला नाही तर त्या मुलाचं वर्ष जातं, म्हणून प्रत्येकामागे एक राखीव माणूस ठेवच.

शिष्यवृत्त्यांबद्दल एक विनंती. धनादेश व्यासपीठावर देऊ नकोस. मदत घेणाऱ्या मुलीला वर्गमैत्रिणींसमोर हात पुढे करायला लावून तिचा फोटो छापण्याचा आपल्याला काय अधिकार? देणगीदाराला हिशेब दे, तिच्या प्रगतीचं पत्र दे, तिची संमती असेल तेवढंच सांग. काही देणगीदार यावर नाराज होतील. होऊ देत, तू अध्यक्ष म्हणून तेवढं सोस.

आणि कुठलंही काम ठरवण्याआधी ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना विचार. मुख्याध्यापकांना विचारलंस तर ते कदाचित संगणक सांगतील. शिपाईकाकांना आणि मुलींना विचारलंस तर स्वच्छतागृहाचं दार नीट लागत नाही हे कळेल. रोटरीच्या पहिल्या क्लबनंही १९०७ मध्ये शिकागोत सार्वजनिक शौचालयासाठीच धडपड सुरू केली होती.

तुझ्या नंतर येणाऱ्या अध्यक्षाला आत्तापासूनच प्रत्येक बैठकीला बोलाव, आणि आधीच्या अध्यक्षांनी सुरू केलेली कुठली कामं अर्धवट आहेत त्याची चौकशी कर. तुझ्या पहिल्या संचालक मंडळाच्या बैठकीआधी गेल्या तीन वर्षांचे प्रकल्प-अहवाल आणि दोन्ही खात्यांचे हिशेब मला पाठव, आपण दोघं बसून बघू. लेखनिकांच्या सरावाचं ठरलं तर पहिल्या सत्राला मी येतो, आमच्या क्लबातली तयार मुलंही आणतो.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र