अर्जावरचा अंगठा

सोलापूर,
30 नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीत फोन झाला तेव्हा तुझी आई, म्हणजे आमची मावशी, माझ्या शेजारीच बसली होती, त्यामुळे मोकळं बोलता आलं नाही. ती तुला आपणहून सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय. एप्रिलपासून मावशीची पेन्शन बंद होती. आता काम मार्गी लागलंय, घाबरू नकोस. पण मधले सात महिने तिने कसे काढले ते तुला माहीत असायला हवं. शिवाय त्या दिवशी तू म्हणालास, "अर्ज-बिर्ज करून काय होतंय बे? एक व्हिडिओ टाक, ऑनलाइन सह्या घे, दोन दिवसांत सगळे हलतील." त्यावर मी गप्प बसलो. ते बोलणं डोक्यातून गेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

मला हे कळलं ते चहावरून. नागपंचमीला गेलो तर मावशीने कोरा चहा पुढे ठेवला. "दूध नासलं रे," म्हणाली. आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हाही दूध नासलेलंच. तिसऱ्या खेपेला मी सरळ विचारलं, तेव्हा तिने पत्र्याच्या डब्याखालून बँकेचं पासबुक काढून माझ्यापुढे सरकवलं. शेवटची नोंद मार्चची. हजार रुपये.

पेन्शन चालू राहायला हयातीचा दाखला, म्हणजे आपण जिवंत असल्याचा, वर्षातून एकदा द्यावा लागतो हे तिला ठाऊक होतं. ती गेलीही होती, एकदा नाही, दोनदा. काचेवर अंगठा ठेवायचा, मग तर्जनी, मग मधलं बोट. दहाही बोटं झाली, पण मशीन प्रत्येक वेळी नाहीच म्हणालं. चाळीस वर्षं ओलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार विड्या, म्हणजे पंचवीसाचे चाळीस कट्टे. त्या बोटांवर रेषा राहतील कशा? मी तिचा अंगठा हातात घेऊन उजेडाकडे धरला. नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत झालाय. आणि तिचं म्हणणं काय, तर, "माझाच अंगठा झिजला, मी कुणाला काय बोलू?" स्वतःचीच चूक समजून ती इतके महिने गप्प राहिली. तुलाही बोलली नाही, कारण तुझ्या घराचे हप्ते चालू आहेत हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मग मी गल्लीत विचारत फिरलो. समोरच्या अक्कांची पेन्शन बंद. बोळातल्या चाचींची बंद, आणि रेशनला अंगठा उठत नाही म्हणून दर महिन्याला नातीला घेऊन जातात ते वेगळंच. साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत चौकशी केली, तर त्रेचाळीस बायका निघाल्या. प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीवरच आलंय.

अर्ज मी लिहिला. तुला माहिती आहे, शाळेपासून पत्रलेखनात माझा हात बरा. छान सुरुवात केली: "महोदय, आम्ही गरीब व असहाय विडी कामगार महिला असून आपण आमच्यावर कृपादृष्टी ठेवून…" रविवारी दुपारी मारुतीच्या पारावर सगळ्या जमल्या आणि मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीला मावशीने हात वर केला.

"असहाय कोण?"

मी म्हटलं, मावशी, अर्जाची भाषा तशीच असते.

"असू दे. मी काय भीक मागालेय का? मजुरीतनं दर खेपेला फंड कापलाय माझा. कापलेलं परत मागायला कृपा कशाला पाहिजे?"

सगळ्या हसल्या, पण मावशी हसली नाही. आणि गड्या, ती बोलत होती ते अक्षरशः कायद्यातलं होतं. 1977 साली विडी उद्योगाला प्रॉव्हिडंट फंड लागू झाला. घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया आमच्या कामगारच नाहीत, असं म्हणत कारखानदार पार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1985 मध्ये निकाल लागला की घरात बसून वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे, तिलाही फंड मिळाला पाहिजे. मावशीला खटल्याचं नाव-गाव ठाऊक नाही. पण त्या निकालानंतर हिशेबाच्या वहीत कापलेल्या पैशांचा रकाना आला, तो तिला लख्ख आठवतो.

मी 'असहाय' खोडलं, 'कृपादृष्टी' खोडलं. त्याऐवजी मावशीने सांगितलं तसं लिहिलं: "आमच्या मजुरीतून फंड कापला गेला आहे. काम करून आमच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत. म्हणून मशीनवर अंगठा उठत नाही आणि पेन्शन बंद आहे. आमच्या पेठेत येऊन चेहऱ्यावरून दाखला करून द्यावा, ही मागणी आहे." बाकी काही नाही. हजार रुपये वाढवून द्या असंही लिहिलं नाही. किमान पेन्शन 2014 च्या सप्टेंबरात हजार झाली, ती अजून तेवढीच आहे. 7,500 करा म्हणून देशभरातले पेन्शनर वर्षानुवर्षं निवेदनं देताहेत. तो लढा मोठा आहे आणि मला मनापासून पटतो. पण पारावर बसलेल्या बायकांचं म्हणणं पडलं की आधी बंद पडलेलं सुरू होऊ दे. त्यांचं ऐकलं ते बरं झालं. मागणी एकच होती, त्यामुळे ती टाळायला कुणाला जागा सापडली नाही.

सह्या गोळा करायला चार दिवस लागले. चौकातला एक जण म्हणाला, "द्या इकडे, संध्याकाळपर्यंत दोनशे सह्या आणतो." मी नाही म्हटलं. तू म्हणतोस त्या ऑनलाइन सह्यांबद्दल माझं हेच म्हणणं आहे. त्याने भलं होत नाही असं नाही, दूरच्या माणसाला विषय कळतो. पण आपल्याकडे घरात एक मोबाईल, तो पोराच्या खिशात, ओटीपी त्याच्याकडे. मग सही कुणाची म्हणायची? मला अशी सही हवी होती, जिच्यामागे पेन्शनचा नंबर आहे आणि उद्या साहेबाने बोलावलं तर जी बाई स्वतः उभी राहील.

समोरच्या अक्कांनी तेलुगूत सही केली. शाळा दुसरीपर्यंत झालेली. मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि एकेक अक्षर गोल वळवत पाच मिनिटं लावली. मी घाई केली नाही. एक बाई सही देईना. तिची सून अजून वळते, तेव्हा कारखान्यातून पान-तंबाखू मिळायची बंद होईल अशी तिला भीती. मी समजावलं की पेन्शनच्या अर्जाचा त्याच्याशी संबंध नाही. तरी तिने मान हलवली. मी आग्रह सोडला. चौथ्या दिवशी रात्री दार वाजलं, बघतो तर तीच. म्हणाली, "पॅड आणा."

मावशीचा अंगठा तुला दाखवायला हवा होता. पॅडवर दाबला, कागदावर टेकवला. उठला तो नुसता निळा ठिपका, मध्ये एक रेष नाही. तिच्याखाली अजून एकोणीस ठिपके तसेच. बोटं दाखवून जे मशीनला पटलं नाही, ते त्या कागदावर कुणालाही दिसत होतं. वेगळा पुरावा जोडायची गरजच उरली नाही.

एका पोराने मावशीला म्हटलं होतं, "आजी, दोन मिनिटं कॅमेऱ्यासमोर रडून दाखवा, व्हायरल करतो." त्याचा हेतू वाईट नव्हता. मावशी म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याच्या मयतीला चारचौघांत रडले नाही." विषय तिथेच मिटला. म्हणूनच तुझ्या व्हिडिओच्या सूचनेवर मी त्या दिवशी काही बोललो नाही, समजून घे.

अर्ज घेऊन आधी कलेक्टर कचेरीत गेलो. सप्टेंबर संपत आला होता. सीना नदीला पूर येऊन गेलेला, व्हरांड्यात पंचनाम्याचे अर्ज घेऊन शेतकऱ्यांची रांग लागलेली. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अर्जाचा कागदच ओला झाला होता, तो उन्हात धरून वाळवत होता. खिडकीवरच्या बाईंनी आमचा अर्ज नीट वाचला. म्हणाल्या, लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे तक्रार ज्याची त्याने वैयक्तिक द्यायची, सामुदायिक चालत नाही. आणि हा विषय केंद्राचा आहे. मी निराश झालो, खोटं कशाला सांगू. पण त्यांनीच पुढे सांगितलं की फंडाच्या पेन्शनसाठी दर महिन्याच्या 27 तारखेला प्रत्येक जिल्ह्यात 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर भरतं, तिथे जा. 2023 पासून चालू आहे हे! आपल्या पेठेत एकालाही ठाऊक नव्हतं. एवढी माहिती मिळायला मावशीला सहा महिने कोरा चहा प्यावा लागला, याचा मला फार त्रास झाला.

तिथून निघताना पूनम गेटपाशी थांबलो. कुठल्यातरी संघटनेचं धरणं चालू होतं. मला आपले इतिहासाचे सर आठवले. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा पंच्याण्णव जण सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रं घेऊन बसले होते, कारण 'तुम्ही कोण बोलणारे?' असं सरकारने विचारलं तर दाखवायला कागद हवा. सहा वर्षांनी दुष्काळ पडला. आपल्या सोलापूर भागात फार हाल झाले. त्या सभेने गावागावांतून माहिती जमवून सरकारला लिहिलं. सार्वजनिक काकांनी खादी वापरली एवढंच आपण परीक्षेत लिहायचो, ही मुखत्यारपत्रं मात्र माझ्या लक्षात राहिली होती. घरी येऊन मी तेच केलं. एक सामायिक अर्ज, आणि त्याला जोडून त्रेचाळीस वेगवेगळे, प्रत्येकीच्या नावाचे, नंबरचे. सामुदायिक नको म्हणाले तर हे त्रेचाळीस घ्या, वैयक्तिक नको म्हणाले तर तो एक घ्या. लिहून हाताला पेटके आले.

27 ऑक्टोबरला शिबिरात दिले. प्रत्येक प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतला. त्रेचाळीस पोच! मावशीने तिची पोच घडी करून पासबुकातच ठेवलीय. नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्या समाजमंदिरात दोन मुलं मोबाईल घेऊन आली. चेहऱ्यावरून दाखला करायची सोय 2022 पासून आहे. साधा अँड्रॉइड फोन आणि दोन अॅप, एवढंच लागतं. आत उजेड कमी, म्हणून एकेकीला दारात उभं केलं. मोबाईल सांगतो, डोळे मिटा, उघडा. मावशीने इतके घट्ट मिटले की सगळ्यांना वाटलं उघडतच नाही. मग उघडले, हिरवी खूण आली, आणि ती त्या पोराला म्हणाली, "झालं? एवढ्यावर मी जिवंत ठरले?" तो बिचारा हो आजी म्हणून पाया पडला.

अडतीस जणींचं त्या दिवशी झालं. एक अंथरुणाला खिळून आहे, तिचं दुसऱ्या दिवशी तिच्या खाटेपाशी. राहिल्या चार. त्यांच्या आधारवर एक नाव, फंडाच्या कागदावर दुसरं. लग्नाआधीचं, तेलुगू उच्चाराचं, कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं. त्यांचे दुरुस्तीचे अर्ज 27 डिसेंबरला घेऊन जाणार आहे.

एक गोष्ट मावशीने परवा सांगितली, ती तुलाही ठाऊक नसेल. कामगार नेते आडम मास्तर यांच्या संघटनेने विडी कामगार बायकांच्या घरांसाठी फॉर्म भरून घेतले, तेव्हा ती काकांना म्हणाली होती की आपणही भरू. काका म्हणाले, "अर्ज करून कधी घर मिळतं होय?" नाही भरला. त्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिल्या, आणि 2006 साली कुंभारीच्या माळावर दहा हजार घरं उभी राहिली. गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत. मावशीच्या शेजारी बसून वळणारी मैत्रीण तिथे राहते. मावशी अजून भाड्याच्या खोलीत. काकांना ती दोष देत नाही. पण फोनवर तू अगदी त्यांच्याच शब्दांत बोललास, आणि ती शेजारी बसून ऐकत होती.

आता कामाचं. थकलेली पेन्शन एकदम जमा होईल असं सांगितलंय, अजून आलेली नाही, मी पासबुक भरून आणत राहीन. तू पैसे पाठवू नकोस, ती परत करेल. फोन कर, आणि मी लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल. आणखी एक. पेन्शनच्या कागदावर मोबाईल नंबर तुझा होता, पुण्याला गेल्यावर बंद केलास तो. मुदत संपल्याचा मेसेज आला असेलच तर तिकडेच गेला. परवा तिथे माझा नंबर घातलाय, पण तुझा आत्ताचाही मला कळव, दुसरा म्हणून लिहून ठेवतो. दाखला वर्षभर चालतो. पुढच्या 10 नोव्हेंबरच्या आत पुन्हा करायचा आहे, तेव्हा सुट्टी काढून ये. दारात उजेडाला तिला तू उभं कर.

तुझा,
शाळेतला बाकसोबती

ता. क. – मावशीने शेंगाची चटणी आणि कडक भाकरी बांधून दिलीय, सोमवारी पुण्याला येणाऱ्या माणसाबरोबर पाठवतोय. काल तिच्याकडे चहा घेतला. दुधाचा होता.