मागच्या बागेच्या आराखड्याबाबत सोसायटी अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य

विषय: इमारतीमागच्या बंदिस्त जागेतील नियोजित बाग

महोदय,

सूचना फलकावर लावलेला बागेचा आराखडा नीट पाहिला. जागा चारही बाजूंनी भिंतींची, आणि तिच्यात नागमोडी पायवाटा, कोयरीच्या आकाराचं लॉन आणि चाळीस प्रकारची झाडं! माझं म्हणणं एवढंच आहे की भिंतींनी चौकट आयती दिलेली असताना तिच्याशी भांडू नये. सरळ रेघांची, चार चौकांची बाग करावी आणि रोपांची ऑर्डर सगळ्यात शेवटी द्यावी.

खाली उतरून फिरणारे आपल्यात मोजकेच. बाकीचे सगळे ही बाग गॅलरीतून, वरून बघणार. वरून फुलं फारशी कळत नाहीत, रेघा कळतात. फ्रान्समधल्या विलांद्रीच्या वाड्याची बाग 1906 नंतर नव्याने उभी राहिली. तिथे उंचावरच्या सज्जातून खाली पाहिलं की छाटलेल्या हेजच्या, म्हणजे झुडपांच्या कुंपणाच्या, रेघांचा गालिचा अंथरल्यासारखा दिसतो. फुलं नसतानाही तो तसाच दिसतो, आणि मला नेमकं तेच हवं आहे.

गेल्या रविवारी टेप घेऊन जागा मोजली. लांबी 60 फूट, रुंदी 40. कोपरे काटकोनात असते तर दोन्ही कर्ण 72 फूट एक इंच आले असते. एक आला 73 फूट, दुसरा 71 फूट अडीच इंच. म्हणजे भिंती गुण्यात, काटकोनात नाहीत. नागमोडी बागेत हे खपून जातं, चौकोनी बागेत डोळ्यांत खुपतं. म्हणून भिंतींवरून मापं घेऊ नयेत. मध्यरेघ आधी पक्की करावी, दोरीने 3, 4 आणि 5 फूट बाजूंचा त्रिकोण ताणून काटकोन काढावा आणि सगळे चौक त्यावरून आखावेत. वाकडेपणा भिंतीलगतच्या वाफ्यात जिरवावा. तो वाफा एका टोकाला तीन फूट आणि दुसऱ्या टोकाला चार फूट झाला तरी वेली वाढल्यावर कुणाच्या लक्षात येणार नाही. मधली पायवाट मात्र पाच फुटांची हवी, दोघांना शेजारी-शेजारी चालता यावं म्हणून.

मागच्या वेळची आठवण करून देतो. तेव्हाच्या कंत्राटदाराने ड्युरांटाच्या झुडपांची रांग थेट भिंतीला चिकटवून लावली होती. ती वाळली, आणि ठपका बिचाऱ्या माळीकाकांवर आला. त्यांचा काय दोष? वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस भिंत अडवते, त्यामुळे भर पावसाळ्यातही पायथ्याची माती कोरडी राहते. शिवाय पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत दुपारभर तापते आणि रात्री तीच उष्णता सोडत बसते. रोप भिंतीपासून दीड फूट पुढे लावावं. वेलींसाठी ताराही भिंतीपासून दोन-तीन इंच सोडून बांधाव्यात, म्हणजे मागून हवा खेळते.

त्याच वेळी समोरच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी साचलं होतं, कारण भिंतीत पाणी जायची भोकंच नाहीत. दिल्लीत हुमायूनच्या कबरीची चारबाग, म्हणजे पाटांनी चार चौकांत विभागलेली बागही भिंतींच्या आतच आहे. तिथले पाट 2003 साली पुन्हा वाहते झाले. त्यांना 40 मीटरला एक सेंटिमीटर इतकाच उतार आहे. तसलं कसब आपल्याला झेपणारं नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्या पायवाटांना पाच फुटांमागे इंचभर उतार द्या आणि भिंतीत खालून भोकं पाडा. हे काम माती भरण्याआधी झालं नाही तर नंतर सगळं उकरावं लागेल.

आता हेज. भिंतीलगतचा वाफा तीन फूट, त्यापुढे चार फूट वाट, मधोमध एकमेकींना छेदणाऱ्या पाच फुटांच्या दोन वाटा, असा हिशेब धरला तर प्रत्येक चौक साडेवीस बाय साडेदहा फुटांचा होतो. चारही चौकांची कड मिळून जवळपास 250 फूट. नऊ इंचांवर एक रोप म्हणजे सव्वातीनशेहून जास्त रोपं, तीही एकाच जातीची. आराखड्यात बॉक्सवुड लिहिलंय. चित्रात ते छान दिसतं, पण आपल्या तापणाऱ्या भिंतींमध्ये त्याचे हाल होतील. ड्युरांटा झपाट्याने वाढतो, त्यामुळे कात्री खाली ठेवायला सवड मिळत नाही. मी कामिनी सुचवेन. ती सावकाश भरते, पण दाट होते आणि छाटणी सोसते. सतत छाटली तर फुलं कमी येतील, ते मला चालेल. छाटताना हेज खाली रुंद आणि वर अरुंद ठेवायला सांगा, नाहीतर ऊन न मिळून बुंध्याकडची पानं झडतात आणि काड्या उघड्या पडतात. ही छाटणी कोण करणार, किती दिवसांनी करणार, हे आराखड्यात कुठेच नाही. ते ठरल्याशिवाय मी तरी या आराखड्याला होकार देणार नाही.

फुलांवर आताच वाद नको. कुणाला मोगरा हवाय, कुणाला गुलाब. चौकांच्या आत काहीही लावा आणि दरवर्षी बदला.

एक विनंती. येत्या रविवारी सकाळी दोरी, खुंट्या आणि चुन्याची फक्की घेऊन मी खाली थांबतो. मदतीला दोघेजण द्या, दोन तासांत पूर्ण बाग जमिनीवर आखून होईल. फक्की आठवडाभर राहू द्या. सगळ्यांनी आपापल्या गॅलरीतून पाहावं, रेघ कुठे सरकवायची ते सांगावं आणि मगच कुदळ मारावी.

आपला,
एक सभासद
बी विंग, तिसरा मजला