सई, बोटीत चढण्याआधी हे वाच

बेलापूर
बुधवार, रात्री

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

आइसलँडला पोचल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला, माझ्या नाही. रविवारी जेवताना जे झालं त्यानंतर तुझा राग मी समजू शकतो. विमानतळावरही मी फक्त बॅगेच्या वजनाबद्दल बोलत राहिलो. म्हणून आता लिहितोय. लिहिताना माझा आवाज चढत नाही आणि तुलाही मध्येच उठून जाता येत नाही. 

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. देवमाशांची शिकार थांबवायचं जे काम तू निवडलंस, त्याला माझा विरोध नाही. रविवारी तू म्हणालीस, "बाबा, तुम्हाला फक्त पगाराची काळजी." मी पगार विचारलाच नव्हता. तुम्हाला रेक्याविकच्या ऑफिसात बसवणार की बोटीतून समुद्रात नेणार, एवढंच विचारलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. असू दे, ते पुढे बोलू.

तू पाठवलेलं सगळं मी वाचून काढलं, डिक्शनरी शेजारी ठेवून. आइसलँड सरकारचा तो शिकारीवरचा अहवालही वाचला. २०२२ च्या हंगामात १४८ फिन व्हेल जातीचे देवमासे मारले. त्यांपैकी ५८ ची शिकार निरीक्षकांनी पाहिली, आणि त्यात ३५ जागच्या जागी गेले. बाकीच्यांचं वाचताना मी चष्मा काढून ठेवला. जीव जायला साडेअकरा मिनिटं हा मधला आकडा, आणि एकाला तर दोन तास लागले. एकाच्या पाठीत भाला रुतलेला, त्याचा पाच तास पाठलाग केला आणि तो सापडलाच नाही. भाल्याच्या टोकात स्फोटक असतं हेही मला नव्यानेच कळलं. आणि हा प्राणी ऐंशी-नव्वद वर्षं जगतो म्हणे. म्हणजे त्यातला एखादा माझ्याही आधी जन्मलेला असेल. ते वाचल्यावर रात्री मी आईला म्हणालो, पोरगी बरोबर आहे. तिने तुला सांगितलं असेलच. नसेल तर आता माझ्याकडून ऐक.

तरी रविवारचा वाद मला अर्धवट सोडायचा नाही. तू म्हणालीस, देवमाशांच्या व्यापारी शिकारीवर कागदावरची बंदी चाळीस वर्षं आहे, तिचा उपयोग काय? माझी नोकरी फायलींत गेली, म्हणून ते मला जास्त लागलं असेल. पण १९८२ साली इंग्लंडात ब्रायटनला आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगात ती बंदी मंजूर झाली ती मतं मोजून. तीन चतुर्थांश मतं लागत होती, २५ विरुद्ध ७ ने पास झाली. त्या २५ मध्ये भारत होता, आणि आपण त्या आयोगात शिरून जेमतेम वर्ष झालं होतं. कुठल्यातरी मंत्रालयातल्या कुणीतरी टिपण लिहिलं असेल, वरच्याने सही केली असेल. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही. पण विसाव्या शतकात जवळपास २९ लाख देवमासे मारले गेले, आणि १९८६ पासून ते सत्र बहुतेक ठिकाणी थांबलं. हंपबॅक जातीचे देवमासे किती समुद्रांत पुन्हा वाढले ते तूच मला दाखवलंस. याला उपयोग नाही म्हणायचं?

तुझं म्हणणंही खोटं नाही, हे मला लिहायलाच हवं. नॉर्वेने नियमातला आक्षेपाचा हक्क वापरला आणि १९९३ पासून उघड शिकार सुरू केली. २०२५ साठी त्यांनी कोटा ठेवला १,४०६ मिंक व्हेलचा. जपानने संशोधनाच्या नावाखाली मारले. २०१४ मध्ये हेगच्या न्यायालयाने अंटार्क्टिकातला तो कार्यक्रम थांबवायला लावला, तर पुढच्याच वर्षी नव्या नावाचा कार्यक्रम घेऊन जहाजं परत गेली. शेवटी २०१९ ला आयोगातूनच बाहेर पडले आणि आपल्या हद्दीत राजरोस सुरू केलं. २०२४ पासून तर फिन व्हेलही. म्हणजे कागद पुरत नाही, कागद पाळला जातोय का ते पाहणारी माणसं लागतात. इथपर्यंत मी तुझ्याबरोबर आहे. फक्त ती माणसं किनाऱ्यावर उभी राहूनही पाहू शकतात. शिकार करून आणलेला देवमासा आइसलँडच्या जहाजांना शेवटी किनाऱ्यावरच ओढावा लागतो ना? तिथे कॅमेरा लावा.

बघ, पुन्हा तिथेच आलो.

तो २०२३ चा व्हिडिओ तू मला दाखवायला नको होतास. दोन मुली शिकारी जहाजांच्या डोलकाठ्यांवर चढून बसल्या, तीस तासांहून जास्त, त्या वाऱ्यात. एकीची बॅग पोलिसांनी काढून घेतली, त्यात पाणी आणि औषधं होती. तू तो व्हिडिओ दाखवताना तुझे डोळे कसे चमकत होते ते मी पाहत होतो. सोसायटीच्या गणपतीत तू स्लाइड लावून व्हेलच्या उलटीच्या तस्करीबद्दल बोललीस, तेव्हा असेच चमकत होते. ठाण्याच्या बातम्यांत अमुक कोटींची उलटी जप्त असं येतं आणि लोक किमतीवर बोलतात, तो प्राणी मात्र कुणाला आठवत नाही, असं तू म्हणाली होतीस. मागच्या रांगेतले काका मोबाइल खाली ठेवून ऐकत होते. मला तेव्हा जो अभिमान वाटला तो मी कुणाला बोलून दाखवला नाही. दाखवायला हवा होता, एवढंच.

पण देवमाशांच्या शिकारीविरुद्ध लढणाऱ्या पॉल वॉटसन यांचं काय झालं तेही वाचलंय मी. जपानच्या वॉरंटवर जुलै २०२४ मध्ये ग्रीनलँडला धरलं, पाच महिने कोठडीत ठेवलं. डिसेंबरात डेन्मार्कने जपानच्या हवाली करायला नकार दिला तेव्हा सुटले. सत्तरी ओलांडलेला, जगभर नाव असलेला माणूस. त्यांच्यासाठी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी शब्द टाकला. सई, तुझ्यासाठी कोण टाकणार? आपला पासपोर्ट निळा, व्हिसा शेंगेनचा, त्यावर एक शेरा पडला की पुढचं शिक्षण, नोकरी, सगळ्या दारांवर तो आडवा येतो. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही.

खरं तर घाबरवायलाच लिहितोय. आणि पोलिसांची भीती मला दुसऱ्या नंबरची आहे. पहिली पाण्याची. तिथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांचं असतं. तू वाशीच्या तलावात पदकं मिळवली असशील, पण त्या थंडीत पडलं की पहिल्या मिनिटाला श्वासच ताब्यात राहत नाही. पट्टीचा पोहणाराही तोंडात पाणी घेतो. लाइफ जॅकेट हवंच, आणि अंगाला घट्ट बसणारं. रबरी बोटीत उभं राहायचं नाही. शिकारी जहाजाच्या पुढे जाऊन आडवं व्हायचं नाही, कॅप्टनने सांगितलं तरी नाही. जहाजाला ब्रेक नसतो. तू बावीस वर्षांची झालीस, स्वतःचा निर्णय स्वतः घेतेस, घे, पण आपल्या मागे कोण आहे याचा विचार करायला शिक, नुसता जोश कामाचा नाही, मोहिमेला माणसं जिवंत लागतात...

माफ कर. याच टोनमध्ये बोललो म्हणून रविवारी तू ताटावरून उठलीस. खोडत नाही, कारण मनात आहे ते आहे. पण हे भाषण होतं, आणि तू ते न वाचता पुढे गेलीस तरी चालेल.

मी पाटणचा. आमच्याकडे कोयनेचं पाणी लांबून बघायचं आणि नमस्कार करायचा. समुद्र मला लग्नानंतर भेटला. तुझ्या मामाने मला पहिल्यांदा दिवाळे गावच्या धक्क्यावरून होडीत बसवलं तेव्हा मी दोन्ही हातांनी कडा धरून बसलो होतो आणि तुझी आई, नवी नवरी, पुढे उभी राहून वाऱ्यावर केस सोडून हसत होती. तू तिच्यावर गेलीस. नारळी पौर्णिमेला मामाच्या खांद्यावरून उतरून सरळ पाण्यात जायचीस. मी किनाऱ्यावर तुझ्या चपला धरून.

रेवदंड्याचं आठवतं तुला? जून २०१५. चौलच्या मावशीचा फोन आला, भला मोठा देवमासा लागलाय आणि अजून जिवंत आहे. तू हट्ट धरलास आणि पावसात आपण निघालो. आपण पोचेपर्यंत तो गेलेला होता. निळा देवमासा, ४२ फूट लांब, वाळूत कलंडून पडलेला. लोक फोटो काढत होते, दोन पोरं अंगावर चढायला बघत होती. तू त्यांच्यावर ओरडलीस. एवढीशी तू, दोन वेण्या घातलेली, आणि तुझा तो आवाज ऐकून एक पोलीसही वळून पाहायला लागला. मी तुला मागे ओढलं, कशाला लोकांशी भांडतेस म्हणून. मावशीकडे सुरमई केली होती, तू नुसता भात खाल्लास. परतीच्या वाटेवर विचारलंस की तो एकटा होता का. मला काय माहीत? मी म्हणालो, असेल.

मग २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळे. ते पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा फराळ टाकून तू मैत्रिणींबरोबर गेलीस. सगळ्यांनी मिळून त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं तेव्हाचा तुझा फोन, आणि ते पुन्हा मेलेलं परत आलं तेव्हाचा फोन. दुसऱ्या फोनवर तू काही बोललीच नाहीस. त्याच दिवशी मला कळलं होतं की ही मुलगी आता घरात राहायची नाही.

काल संध्याकाळी मामा आला होता. गेल्या हंगामात त्याच्या जाळ्यात कासव आलं, त्याने जाळं कापून सोडून दिलं. व्हिडिओ काढला, अर्ज केला, भरपाई मिळाली. सरकार २५,००० रुपयांपर्यंत देतं, ही योजना तूच त्याला सांगितली होतीस. आता तो दिवाळे गावातल्या बाकीच्यांना सांगत फिरतोय. गुजरातेत वेरावळच्या खारव्यांनीही तसंच केलं ना, बहिरी माशाच्या, म्हणजे व्हेल शार्कच्या बाबतीत? जे मारत होते तेच जाळी कापून सोडायला लागले, शेकडो सोडले. कारण त्यांच्याशी कुणीतरी जाऊन बोललं, नुकसान भरून दिलं, त्यांना खुनी म्हटलं नाही. आइसलँडच्या शिकारी जहाजांवर काम करणारे खलाशीसुद्धा कुणाचे तरी मामाच असतील. त्यांच्याशी बोलणारं तुमच्यात कुणी आहे का? मला वाटतं तुझ्यासारखी कोळणीची लेक ते बोलू शकेल. डोलकाठीवर चढून नाही, त्यांच्या शेजारी चहा घेऊन.

आणि आपल्या समुद्रातही काम आहेच की. २०१५ सालीच सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समोर निळा देवमासा पिल्लासकट दिसला. अरबी समुद्रातले हंपबॅक तर दुसरीकडे कुठे जातच नाहीत, इथेच जन्मतात नि इथेच गातात, आणि शंभरही उरले नसावेत असं म्हणतात. १९६६ च्या सुमाराला रशियन जहाजांनी चोरून दोनशेहून जास्त मारले, ओमान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्य किनाऱ्यापुढे. त्यांच्यासाठी मालवणला, रत्नागिरीला माणसं हवी आहेत. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचता येतं.

हे शेवटचं वाक्य कशासाठी लिहिलं ते तुला कळलंच असेल. अरबी समुद्राची काळजी मला खरीच वाटते, पण तू रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असावीस ही इच्छा त्याहून मोठी आहे. आई म्हणाली हे खोडून टाक. नाही खोडत.

मामा जाताना म्हणाला, "भाऊजी, पोर दर्याची हाय, तिला बांधून नका ठेवू." मी काही बोललो नाही. त्याचा स्वतःचा मुलगा बँकेत आहे.

२०२५ ला आइसलँडच्या त्या शिकारी कंपनीने जहाजं बाहेरच काढली नाहीत हे वाचून मला केवढा आनंद झाला होता. जपानच्या बाजारात भाव मिळेना म्हणून. परवाना २०२९ पर्यंतचा आहे, त्यामुळे तुम्ही तिथे असणं गरजेचं आहे हेही कळतं. मी रोज तुझ्यासाठी देवाकडे एकच मागतो, की त्यांची जहाजं धक्क्यालाच बांधलेली राहोत. तुझी मोहीम त्यात जिंकते आणि माझी मुलगीही कोरड्या जमिनीवर राहते.

आता कामाचं. बोटीत जायचंच ठरलं तर जाण्याआधी बोटीचं नाव, कॅप्टनचं नाव आणि परत यायची वेळ मला पाठव. परतल्यावर एक शब्द, "आले", बस. इथे रात्रीचे साडेअकरा वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे सहा असतात, मी जागा असतो. रेक्याविकमध्ये आपला दूतावास आहे, त्याचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, फोनमध्ये नको, फोन भिजतो. विम्याच्या कागदात समुद्रातलं काम धरलंय का ते नीट वाचून सांग, नसेल तर इथून वेगळा काढतो, पैशांचा विचार करू नकोस. मेतकूट निळ्या पिशवीत आहे, लोकरीचे पायमोजे त्याखाली. आईने ते मामीकडून करून घेतलेत, नवीन आहेत, आधी एकदा धू.

आणि बोटीचं उत्तर दे. हो असलं तरी दे.

तुझा,
बाबा