सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवणाऱ्यांसाठी

मंडळी, ज्यांनी घरच्या डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पासपोर्ट साइजची एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायमची जोडून ठेवलीय त्यांनी जरा लक्ष द्या. ती छोटी डिस्क चोवीस तास लिहायला बनवलेलीच नसते, आमची पार्किंगच्या वरच्या बंद कपाटात तापून तापून आठ महिन्यांत टकटक करायला लागली आणि नेमकं बाइकला कोणी ठोकलं त्या दिवसाचंच फुटेज गेलं! डीव्हीआरच्या आत बसवायला सर्व्हेलन्सवाली, म्हणजे सतत रेकॉर्डिंगसाठीच बनवलेली डिस्क घ्या, डब्ल्यूडी पर्पल नाहीतर सीगेट स्कायहॉक, एक्स्टर्नल फक्त कॉपी काढायला वापरा.

हिशोब सोपाय, २ एमबीपीएसवर (सेकंदाला २ मेगाबिट डेटा) एक कॅमेरा दिवसाला साधारण २१ जीबी खातो, म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टीबी अकरा-बारा दिवसच पुरते, मग जुनं आपोआप पुसलं जातं. त्यामुळे काही झालं तर "रविवारी बघू" नको, त्याच दिवशी तेवढी क्लिप काढून घ्या.

आणि हो, डीव्हीआरला एक्स्टर्नल डिस्क दिसत नसेल तर बऱ्याचदा ती एनटीएफएस फॉरमॅटमध्ये (डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) असते, फॉरमॅट करून एफएटी३२ या दुसऱ्या पद्धतीत आणून बघा, पण फॉरमॅट मारायच्या आधी आतले लग्नाचे फोटो काढा बाबांनो, त्यात सगळं उडतं.