डबा रिकामा होईल तसा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पुढच्या महिन्यापासून घरातले सारे खाणे एकदम सेंद्रिय करण्याचा तुझा बेत वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण हाच उद्योग मी करून पाहिला आहे आणि २० तारखेच्या आत महिन्याचे किराण्याचे पैसे संपवून बसलो आहे.

दुसऱ्या खेपेस मी घरातले काहीही टाकले नाही. जो डबा रिकामा होईल तेवढाच जिन्नस बदलला. त्याआधी तीन महिन्यांच्या पावत्या काढून पाहिल्या, तर बिस्किटे, गोड पेये आणि तळलेल्या पदार्थांची पाकिटे यांवर इतका पैसा जात होता की सेंद्रिय भाजीचा वाढीव खर्च त्यातूनच भागला. 'सेंद्रिय' हा शब्द पीक कसे वाढवले एवढेच सांगतो. सेंद्रिय साखर खाल्ली तरी ती साखरच. म्हणून पहिली कात्री पाकिटांना लाव.

भाजी-फळांतही सरसकट खर्च करू नकोस. पालेभाज्या आणि सालीसकट खायची मऊ फळे यांवर फवारणीचे अवशेष राहण्याची शक्यता अधिक, तेव्हा पहिला मान त्यांचा. कांदा, केळी, अननस यांची साल आपण काढूनच टाकतो, ते नेहमीचेच आणावेत. शिवाय गंधक आणि तांब्याची काही संयुगे सेंद्रिय शेतीतही चालतात, त्यामुळे माल कोणताही असो, वाहत्या पाण्याखाली धुणे चुकत नाही. दर पाहून मीही पूर्वी चिडत असे. पण प्रमाणपत्र मिळण्याआधी शेतकऱ्याला साधारण दोन-तीन वर्षे जमीन रासायनिक खतांविना कसावी लागते आणि त्या काळातला माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, हे कळल्यावर चिडणे जरा कमी झाले.

माझी एक फजिती मात्र ऐकून ठेव. स्वस्त पडते म्हणून कोंड्यासकट दळलेले पीठ मी भरपूर घेऊन ठेवले आणि ते खवट झाले, कारण धान्याच्या अंकुरातले तेल अशा पिठात राहते व लवकर बिघडते. त्यातच तंतुमय आहार एकाएकी वाढवल्याने घरात सगळ्यांची पोटे फुगली आणि आठवडाभर मला बोलणी बसली. आता पीठ थोडेच आणतो. साठा करायचा तो वाळलेल्या कडधान्यांचा, कारण ती टिकतातही आणि परवडतातही.

तुझ्या मागच्या तीन महिन्यांच्या पावत्या सापडल्या तर पाठव. कोणता डबा आधी बदलायचा ते दोघे मिळून ठरवू.

तुझाच,
जुना सोबती