लेट स्टार्टर फायटर्सची अर्धीच गोष्ट छापली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या क्रीडा पानावर एमएमएमधल्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी पिंजऱ्यातली लढत) उशिरा सुरुवात केलेल्या फायटर्सवर अर्धं पान आलं होतं, ते वाचलं. फोटो झकास होते, रँडी कूतूर, योएल रोमेरो, अॅलेक्स परेरा सगळे होते, आणि एमएमएला मराठी पेपरात एवढी जागा मिळाली त्याबद्दल आधी तुमचे आभार, नाहीतर क्रिकेट सोडून बाकी सगळं चार ओळीत उरकतं. पण मथळा काय, तर वय हा फक्त आकडा! आणि एकूण सूर असा की तिशीत ग्लव्हज घाला, मनात जिद्द ठेवा, बेल्ट तुमचाच. हे पान आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरलं, ऑफिसात फिरलं, माझ्या भाच्याने तर स्टेटसला ठेवलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की तुम्ही दिलेली वयं बरोबर आहेत, पण त्या वयाच्या आधी ही माणसं काय करत होती ते तुम्ही गाळलंत, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

कूतूरचंच घ्या ना. 30 मे 1997 ला तो यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत, पहिल्यांदा उतरला तेव्हा त्याला 34 पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता, त्याच रात्री लागोपाठ दोघांना हरवून हेवीवेटची टूर्नामेंट जिंकला, डिसेंबरात मॉरिस स्मिथला हरवून चॅम्पियन झाला, आणि पुढे 2007 मध्ये वयाच्या 43व्या वर्षी टिम सिल्वियाला लोळवून पुन्हा हेवीवेटचा बेल्ट घेतला. कोणालाही वाटेल की वा, काय माणूस आहे. आहेच. पण हा गडी पोरवयापासून कुस्ती करत होता, अमेरिकन आर्मीत असताना ग्रीको-रोमन, म्हणजे कमरेखाली न धरता खेळायची कुस्ती, मग ओक्लाहोमा स्टेटकडून कॉलेजची कुस्ती, आणि ऑलिम्पिक टीमचा राखीव पैलवान. म्हणजे पिंजऱ्यात तो नवा असेल, पण समोरच्याला उचलून खाली आपटण्यात त्याची अर्धी हयात गेली होती. याला शून्यातून सुरुवात कशी म्हणायची?

रोमेरोचं तेच. पहिली फाइट 32व्या वर्षी, 2009 ला, पण त्याआधी 1999 चा वर्ल्ड चॅम्पियन आणि 2000 च्या सिडनी ऑलिम्पिकचं कुस्तीतलं सिल्व्हर. डॅनियल कॉर्मियर 30व्या वर्षी आला, 2004 च्या अथेन्स ऑलिम्पिकला त्याचं मेडल एका जागेने हुकलेलं, आणि 2018 मध्ये 39व्या वर्षी स्टिपे मियोसिचला झोपवून एकाच वेळी दोन वजनी गटांचा चॅम्पियन. आपल्या पोरांना डब्ल्यूडब्ल्यूईमुळे माहीत असलेला ब्रॉक लेस्नर 29व्या वर्षी पहिली फाइट खेळला आणि चौथ्याच फाइटला कूतूरला हरवून बेल्ट घेऊन गेला, पण तोही आधी अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा चॅम्पियन. बायकांमध्ये बघा, हॉली होम 29व्या वर्षी आली ती बॉक्सिंगची वर्ल्ड चॅम्पियन होऊन, 2015 ला मेलबर्नमध्ये तोवर एकदाही न हरलेल्या चॅम्पियन रोंडा राउझीला तिने डोक्यात लाथ घालून पाडलं ते कोण विसरेल. कायला हॅरिसनकडे तर ज्युदोची दोन ऑलिम्पिक गोल्ड होती, पहिली फाइट 2018 ला आणि यूएफसीचा बेल्ट 2025 ला.

याला आमच्याकडे कमावलेलं अंग म्हणतात. मी स्वतः तरुणपणी लालबागच्या तालमीत जोर मारलेत. फार काही नाव नाही काढलं, पण लाल मातीत पडल्यावर एवढं कळलं की पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून त्याला पाडायला, शिकवता येतं दोन दिवसात, आणि समोरचा पाय मागे टाकायच्या आत त्याचा पट निघायला लागायला वर्षं जातात, कारण तिथे डोकं विचार करतच नाही, अंगच आधी जातं. एमएमएत टेकडाउन म्हणून जे बघतो ते बरचसं हेच आहे. मारामारी उभ्याने ठेवायची की जमिनीवर न्यायची हे ज्याच्या हातात, तो बॉक्सिंग नंतरसुद्धा शिकू शकतो. उलटं क्वचित जमतं.

आणि अजून एक, ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. कुस्तीवाला किंवा ज्युदोवाला तिशीत येतो तेव्हा गुडघे-खांदे बोंबलत असतात, कान मोडलेले असतात, पण डोक्यावर ठोसे फारसे पडलेले नसतात. जो पोरगा 16व्या वर्षापासून स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, मार खातोय त्याची हनुवटी, म्हणजे ठोसा पचवायची ताकद, तिशीत थकलेली असते, कुस्तीवाल्याची ताजी असते. उशिरा येण्याचा काही फायदा असेल तर तो हा. पण हा फायदा आधी दुसऱ्या कुठल्या मातीत राबलेल्यालाच मिळतो, खुर्चीवर बसून राबलेल्याला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग फ्रान्सिस एन्गानूचं काय? बरोबर आहे, तो सगळ्यात शून्याच्या जवळचा. कॅमेरूनच्या बातिये गावचा, पोरवयातच वाळूच्या खाणीत कामाला, बॉक्सिंग सुरू केलं 22व्या वर्षी, मग सहारा वाळवंट ओलांडून, मोरोक्कोमार्गे स्पेन आणि तिथून पॅरिस, तिथे सुरुवातीला झोपायला पार्किंगची जागा. 2013 मध्ये 27व्या वर्षी पहिली एमएमए फाइट आणि 2021 ला यूएफसीचा हेवीवेट चॅम्पियन. परेराही टायरच्या दुकानात काम करणारा पोरगा, दारू सोडायची म्हणून 21व्या वर्षी किकबॉक्सिंगला लागला, 2015 ला एमएमएतली पहिली फाइट चक्क हरला, मग किकबॉक्सिंगमध्ये दोन वजनांचे बेल्ट घेतले, 34व्या वर्षी यूएफसीत आला आणि वर्षभरात तेव्हाचा चॅम्पियन इस्राएल अदेसान्याला हरवून चॅम्पियन. मला स्वतःला परेराची गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, चेहऱ्यावर माशी हलत नाही त्याच्या.

पण या दोघांची वजनं बघा हो! एन्गानू सहा फूट चार इंच, 115 किलोच्या वरचा. परेरा उंचीला तेवढाच, दुसरा बेल्ट जिंकला तो 93 किलोच्या गटात. कूतूर, कॉर्मियर, लेस्नर सगळे वरच्या वजनातले. तिथे एक ठोसा बसला की खेळ खलास, आणि ताकद वयाबरोबर हळू उतरते. खाली फ्लायवेटला, म्हणजे 57 किलोच्या आत, सगळी गंमत वेगाची आणि दमाची, आणि वेग पहिला जातो. आपल्याकडची किती पोरं 93 किलोची असतात, पोट सोडून? परळ-भांडुपचा सरासरी पोरगा 60-65 चा. त्याला एन्गानूचा फोटो दाखवून उशीर झालेला नाही असं सांगणं म्हणजे फसवणूकच, भले हेतू चांगला असेल.

माझ्या भाच्याचंच सांगतो. वय 29, ऐरोलीला आयटीत, शाळेत असताना कॅरम सोडून काही खेळलेला नाही. लोअर परळला जुन्या मिलच्या आवारात एक जिम आहे, नाव सांगत नाही, तिथे त्याने फायटर पॅकेज घेतलं, वर्षाचे पैसे आगाऊ, रिफंड नाही. मी एकदा बघायला गेलो. एसी, काचा, इंग्लिश गाणी, भिंतीवर हेच सगळे फोटो. भाच्याला राउंड दिला तो एका डिलिव्हरी करणाऱ्या पोराबरोबर, सोलापूरकडचा, दोन्ही कान मोडलेले, गावाकडे तालमीत होता आणि आता इथे संध्याकाळी मॅट पुसतो आणि त्याबदल्यात फुकट शिकतो. भाच्याने दोन जॅब, म्हणजे पुढच्या हाताचे सरळ ठोसे, बरे टाकले, तिसऱ्याला ते पोरगं खाली बसल्यासारखं झालं आणि भाच्याचे दोन्ही पाय हवेत. पुन्हा उठला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्या पोराने खाली टेकवताना भाच्याच्या मानेमागे हात धरला, डोकं आपटू नये म्हणून. हे त्याला त्या जिमने शिकवलेलं नव्हतं, वस्तादाने शिकवलेलं होतं. आणि ट्रेनर काय म्हणाला भाच्याला, की सहा महिन्यात तुझी फाइट लावतो!

आता सांगा त्या खोलीत खरा लेट स्टार्टर कोण? पॅकेजवाला की मॅट पुसणारा?

भाच्याने जाऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही. पोट उतरलंय, सिगारेट सुटलीये, झोप लागते, आणि हौस म्हणून एखादी हौशी फाइट खेळला, नीट मेडिकल करून, तर मी स्वतः शिट्ट्या मारायला जाईन. अमेरिकेत काही राज्यांत पस्तिशी-चाळिशीच्या पुढच्या फायटरला जादा तपासण्या करून मगच सोडतात, आपल्याकडे तेवढं जरी झालं तरी पुष्कळ. फक्त हौस आणि करिअर यातला फरक त्याला कोणीतरी सांगायला हवा, आणि पेपरवाल्यांनी तर तो पुसू नये.

तुम्ही लिहायला हवं होतं ते आपल्या पैलवानांबद्दल, कबड्डीवाल्यांबद्दल. 26-27 ला त्यांना कळतं की महाराष्ट्र केसरी काही आपल्या नशिबात नाही, पोलीस भरती हुकली, रेल्वेचा स्पोर्ट्स कोटा मिळाला नाही, खुराकाचा खर्च घरचे किती दिवस करणार, मग कोणी बाउन्सर होतो, कोणी रिक्षा घेतो. कूतूर, कॉर्मियर साधारण याच वळणावर उभे होते, फक्त त्यांच्यासाठी पुढचा दरवाजा उघडा होता. आणि आपल्या रक्ताला जमत नाही असंही नाही. अर्जन भुल्लर, कॅनडातला पंजाबी, 2010 च्या दिल्ली कॉमनवेल्थला कुस्तीत गोल्ड, एमएमए सुरू केलं 28व्या वर्षी आणि 2021 ला ब्रँडन व्हेराला हरवून वन चॅम्पियनशिप या आशियातल्या मोठ्या एमएमए स्पर्धेचा हेवीवेट चॅम्पियन. रितू फोगाट कुस्ती सोडून 25व्या वर्षी आली आणि 2021 ला तिथल्याच ग्रां प्री टूर्नामेंटच्या फायनलपर्यंत पोचली, हलक्या वजनात, हे मुद्दाम सांगतो. भरत खंडारे 2017 ला शांघायमध्ये यूएफसीत उतरला, तोही कुस्तीतूनच आलेला. हरला, पण गेला तर खरा. तुमच्या अर्ध्या पानात त्याला एक ओळही नाही?

मुंबईत 2012 ला अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सला सुपर फाइट लीग झाली तेव्हा वाटलेलं की आता हे रुळणार, राज कुंद्रा, संजय दत्त, लायटिंग, सगळा थाट होता. थाटच जास्त होता. त्यापेक्षा एखाद्या तालमीत संध्याकाळी दोन तास मॅट टाकून बॉक्सिंगचा एक बरा कोच आणून बसवला असता तर काम झालं असतं, आणि खर्च काय, त्या लायटिंगच्या बिलाएवढाही नाही.

तर विनंती अशी. पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा नावापुढे वयाबरोबर अजून दोन रकाने टाका, त्याआधी काय खेळत होता आणि वजन किती. आणि तुमच्या वार्ताहराला एकदा लालबाग-परळच्या तालमीत संध्याकाळी पाठवा, सहानंतर, त्याआधी पोरं कामावर असतात.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
करी रोड, मुंबई