सुट्टीनंतरचे ३० दिवस कोण मोजणार?

संपादक महोदय,

आरोग्य शिबिर असो की रुग्णालयाचा वार्षिक अहवाल, 'इतक्या शस्त्रक्रिया यशस्वी' एवढंच छापून येतं. यशस्वी म्हणजे रुग्णाला सुट्टी झाली, बस. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू आणि जखमेचा संसर्ग जगभर ३० दिवसांपर्यंत मोजतात. कृत्रिम सांधा बसवला असेल तर संसर्गासाठी ९० दिवस. आपल्याकडे नागपुरात हर्नियाचा रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. पू दिसतो तो बहुधा त्यानंतर, आणि तोवर रुग्ण गडचिरोलीतल्या एटापल्लीला किंवा पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याला पोचलेला असतो. टाके गावाजवळच कुणीतरी काढतो, ताप आला तर तिथेच इंजेक्शन घेतो. नागपूरच्या रजिस्टरात तो 'बरा' म्हणूनच राहतो. अत्यवस्थ रुग्णाला नातेवाईक 'डामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत असल्याच्या कागदावर, सही करून घरी नेतात, तोही मृत्यू कुठे नोंदला जात नाही.

मोजणं अवघड नाही. सुट्टीच्या कार्डावर दोन फोन नंबर हवेत, एक घरचा आणि एक गावच्या आशाताईंचा. सातव्या आणि तिसाव्या दिवशी एका परिचारिकेनं फोन करून विचारायचं: रुग्ण हयात आहे का, जखमेतून पू किंवा पाणी येतं का, ताप आला का, टाके उघडले का, दुसऱ्या डॉक्टरकडे किंवा पुन्हा भरती व्हावं लागलं का. गडबड होते ती पुढे. नंबर भाच्याचा निघतो, तो पुण्याला कामावर असतो. फोन लागला नाही की रकाना रिकामा राहतो आणि वर्षअखेरीस रिकामा रकाना 'तक्रार नाही' म्हणून धरला जातो. न सापडलेल्यांचा आकडा वेगळा दाखवला नाही तर सगळी मोजणी व्यर्थ, कारण न सापडणारे बहुतेक लांबचे आणि गरीबच असतात.

मात्र नुसत्या मृत्युदरावरून रुग्णालयांची तुलना करणं अन्यायाचं होईल. मेडिकल आणि मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत आतडं फुटलेला रुग्ण दोन-तीन ठिकाणांहून रेफर होत येतो, तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियांना धडधाकट रुग्ण मिळतो. म्हणून तातडीची की ठरवून, हिमोग्लोबिन किती, दुखणं सुरू झाल्यापासून टेबलावर यायला किती तास लागले, हे नोंदवलंच पाहिजे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०१५ मध्ये तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय दोन तासांच्या अंतरात असावी असं म्हटलं होतं. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो! अंतराइतकाच हंगामही नडतो. सोयाबीन निघू दे, कापूस वेचून होऊ दे म्हणत पुढे ढकललेला हर्निया अडकतो, आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साध्या शस्त्रक्रियेच्या जागी आतडं कापावं लागतं.

विदर्भात आणखी एक रकाना हवा, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. भूल देताना रुग्ण थंड पडला, पाणी कमी पडलं किंवा प्राणवायू घसरला की सिकलसेलच्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात; छातीत गुंतागुंत झाली तर जिवावर बेततं. झटपट होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही, सहा महिन्यांखालच्या बाळात किंवा नुकतंच रक्त चढवलेल्यात ती फसू शकते. तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय प्रयोगात सिकलसेल रुग्णांना मध्यम-लहान शस्त्रक्रियेआधी रक्त दिल्यावर गुंतागुंत ३९ वरून १५ टक्क्यांवर आली होती. रुग्ण थोडे होते, पण फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मोजल्यानं काय साधतं? भारतासह सात देशांत पोटाच्या शस्त्रक्रियांवर झालेला, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. पोट शिवण्याआधी सगळ्या चमूनं हातमोजे आणि अवजारं बदलली, तेव्हा जखमेचा संसर्ग १८.९ ऐवजी १६ टक्के निघाला. ३० दिवस रुग्णांचा माग काढला नसता तर हा फरक कुणाला कळलाच नसता.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक शस्त्रक्रियेचा दावा ऑनलाइन जातोच. तिथेच तिसाव्या दिवसाचा रकाना जोडावा आणि आकडे तालुकावार जाहीर करावेत. पहिल्या वर्षी ते वाईटच दिसतील. त्यावरून कुणाला नोटीस काढली, तर दुसऱ्या वर्षी सगळेच आकडे गोड येतील.

— एक भूलतज्ज्ञ, धंतोली, नागपूर